इझनिक पद्धतीची टाइल: आधी देठ, मग फूल

इझनिक पद्धतीची टाइल रंगवायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा ट्युलिपपासून सुरुवात करतो. फूल छान जमतं. मग त्याला देठ हवा म्हणून कुठून तरी एक रेघ खाली आणली जाते, उरलेल्या जागेत दोन पानं बसवली जातात. शेवटी टाइलवर चार चांगली फुलं दिसतात, पण नक्षी काही तयार होत नाही. सोळाव्या शतकातल्या एखाद्या चांगल्या इझनिक टाइलवरची फुलं बोटानं झाकून पाहा. नुसते देठ उरले तरी चित्र उभं राहतं. जागेची वाटणी देठच करतात, फुलं त्या वाटणीत जाऊन बसतात. म्हणून या लेखातला क्रम देठापासून सुरू होतो आणि भट्टीपाशी संपतो. नमुना म्हणून २० सेंटिमीटर चौरस, एकटी टांगता येईल अशी टाइल धरली आहे.

इझनिक हे तुर्कस्तानातलं, इस्तंबूलच्या आग्नेयेला तळ्याकाठी वसलेलं गाव. प्राचीन काळचं निकिया. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ऑटोमन दरबाराच्या आश्रयानं इथल्या भट्ट्यांना बरकत आली. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध हा त्यांचा उत्तम काळ, सतराव्या शतकात काम उतरणीला लागलं.

आधी डोळा तयार करा

पेन्सिल उचलण्याआधी चार तऱ्हा ओळखता आल्या पाहिजेत. त्या सरमिसळ केल्या की नक्षी कुठल्याच काळाची राहत नाही.

सर्वांत जुनी तऱ्हा निळ्या-पांढऱ्या रंगातली, साधारण १४८० पासूनची. तिच्यात दोन घटक मुख्य आहेत. ‘रूमी’ म्हणजे टोकाशी दुभंगलेलं, वळलेलं पान. ‘हताई’ म्हणजे चिनी कमळावरून आलेलं, उभं चिरून आतले थर दाखवावेत तसं काल्पनिक फूल. वरून पाहिलेल्या छोट्या गोल फुलाला ‘पेंच’ म्हणतात. फारसी ‘पंज’ म्हणजे पाच, कारण त्याला बहुधा पाच पाकळ्या असतात. दुसरी तऱ्हा १५३० ते १५५० च्या दरम्यानची: बारीक देठांची चक्राकार वेटोळी आणि त्यांवर चिमुकली फुलं. सुलतानाच्या तुघऱ्यामागे, म्हणजे त्याच्या सुलेखित सहीच्या शिक्क्यामागे, हीच वेटोळी काढत, म्हणून तिचं नावही तुघऱ्यावरूनच पडलं.

तिसरी तऱ्हा ‘साझ’. इराणातल्या तबरीझहून आलेला चित्रकार शाहकुलू १५२६ मध्ये इस्तंबूलच्या दरबारी नक्काशखान्यात, म्हणजे चित्रकारांच्या कारखान्यात, काम करत होता. लांबलचक, खंजिरासारखी वळलेली, कातरलेल्या कडांची पानं ही त्याच्या शैलीची ओळख. तोपकापी राजवाड्यातल्या सुंता-दालनाच्या दर्शनी भिंतीवर या शैलीच्या सुमारे सव्वा मीटर उंचीच्या निळ्या टाइल आहेत. पानांमधून पक्षी आणि हरणासारखे काल्पनिक प्राणी फिरताना दिसतात. ‘इस्लामी कलेत सजीवांना बंदी, म्हणून फुलं’ हे सरसकट विधान इथेच कोलमडतं. इझनिकच्या ताटल्यांवर ससे, पक्षी, शिडाची जहाजं सगळं सापडतं. मशिदीच्या भिंतींवर मात्र वनस्पती आणि सुलेखन एवढंच.

चौथी तऱ्हा आपल्या कामाची: ट्युलिप, कार्नेशन, हायासिंथ आणि गुलाब. शाहकुलूचा शिष्य कारा मेमी यानं बागेतली ओळखू येतील अशी फुलं दरबारी नक्षीत आणली आणि तिथून ती टाइलवर उतरली. इस्तंबूलमधली रुस्तम पाशा मशीद (साधारण १५६१ ते १५६३) या फुलांनी भरलेली आहे आणि ट्युलिपच्या इतक्या तऱ्हा एका जागी क्वचितच पाहायला मिळतील. सोकोल्लू मेहमेद पाशाची मशीद (१५७१-७२) हे दुसरं उत्तम ठिकाण. तिकडे जाणं शक्य नसेल तर लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर फोटो मिळतात. ते मोठे करून फक्त देठ ट्रेस करा. अशा दहा ट्रेसिंगांत जे कळतं ते फुलांची शंभर चित्रं काढूनही कळत नाही.

रंगांवरूनही काळ ओळखता येतो. फिकट जांभळा, शेवाळी हिरवा आणि निळा एकत्र असतील तर काम बहुधा १५४० ते १५५५ च्या आसपासचं. ब्रिटिश म्युझियममधला, मुसली या कारागिराची सही असलेला १५४९ चा दिवा याच गटातला. चमकदार, किंचित उठावाचा लाल रंग मात्र १५५७ च्या सुलेमानिये मशिदीपासून दिसू लागतो. त्यामुळे जांभळा आणि टोमॅटोसारखा लाल एकाच टाइलवर घेऊ नका.

सामान

पहिल्या कामासाठी अंगाची, म्हणजे मूळ टाइलची, माती स्वतः बनवू नका. स्टुडिओ पॉटरकडून पांढऱ्या मातीची, १०४० अंश सेल्सिअसला बिस्क, म्हणजे ग्लेझशिवाय एकदा, भाजलेली टाइल घ्या. जाडी ८ ते १० मिलिमीटर हवी. दोन टाइल जास्तीच्या घ्या: एक रंगांच्या चाचणीसाठी, एक फुटलीच तर. दुकानातली चकचकीत टाइल चालणार नाही. अंडरग्लेझ रंग म्हणजे ग्लेझच्या, काचेसारख्या चकचकीत थराच्या, खाली लावायचा रंग. तो कोऱ्या, पाणी शोषणाऱ्या पृष्ठभागावरच बसतो.

अंडरग्लेझ रंग पाच लागतात: काळा, कोबाल्ट निळा, फिरोजी, हिरवा आणि लाल. प्रत्येकी ३० मिली पुरतो, लाल ६० मिली घ्या. पूड घेऊन स्वतः कालवणार असाल तर १० ग्रॅम स्टेनमध्ये (तयार रंगपुडीत) २ ग्रॅम पारदर्शक ग्लेझची पूड आणि पातळ डिंकाचं पाणी घाला. ग्लेझची पूड नसेल तर भाजल्यानंतरही रंग भुकटीसारखा राहतो आणि वरचं ग्लेझ त्याला धरत नाही. बाजारातला तयार लाल स्टेन बहुधा कॅडमियमचा, झिरकॉनच्या कवचात बंद केलेला असतो. तो खलात जोर लावून घोटू नका. कवच फुटलं की रंगही जातो आणि कॅडमियमही मोकळं होतं.

पारदर्शक ग्लेझ शिसेविरहित आणि १००० ते १०३० अंशांचं घ्या. घेताना एक प्रश्न जरूर विचारा: यात झिंक आहे का? काळ्या आणि हिरव्या स्टेनमध्ये क्रोमियम असतं, आणि झिंकच्या संगतीत क्रोमियम तपकिरी पडतं. हिरवी पानं भट्टीतून मातकट बाहेर येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. बरेच जण त्याचा दोष रंगाला देतात.

ब्रश तीन: रेघेसाठी लांब केसांचा, टोकाशी एकवटणारा ० किंवा १ नंबरचा लायनर, रंग भरायला ३ आणि ६ नंबरचे गोल. शिवाय ट्रेसिंग पेपर, बारीक सुई, लाकडी कोळशाची पूड, पातळ मलमल, स्पंज आणि एन-९५ मास्क.

देठ

कागदावर २० सेंटिमीटरचा चौरस आखा. चारी बाजूंनी ८ मिलिमीटर आत दुसरी रेघ घ्या. नक्षी तिच्या आत राहील. मधोमध उभी रेघ, आणि खालून ६.५ व १३ सेंटिमीटरवर दोन आडव्या रेघा अगदी फिकट काढा.

उभ्या रेघेवर, खालच्या कडेपासून दीड सेंटिमीटरवर एक बिंदू घ्या. सगळे देठ इथून निघतात. या जागी पाचसहा छोट्या पानांचा ३ सेंटिमीटर रुंद झुबका येईल. इझनिक ताटल्यांवर हा झुबका जवळपास नेहमी असतो. त्याच्यामुळे झाड कुठे उभं आहे हे डोळ्याला कळतं.

आता पाच देठ. पहिला गुलाबाचा: मधल्या रेघेच्या आसपास, हलक्या नागमोडी वळणानं १२ सेंटिमीटरपर्यंत. दुसरा आणि तिसरा ट्युलिपचे: डावीउजवीकडे उघडत कडेपर्यंत जातात आणि वरच्या तृतीयांशात पुन्हा आत वळतात. दोन्ही अगदी आरशातल्यासारखे नकोत. एकाचं वळण थोडं खाली ठेवा. चौथा हायासिंथचा, उजवीकडे, गुलाब आणि उजव्या ट्युलिपच्या देठांच्या मधून, १० सेंटिमीटर. पाचवा कार्नेशनचा. तो डावीकडे ८ सेंटिमीटर चढवा आणि तिथे मोडा. म्हणजे देठ एका टोकदार कोनात खाली वळतो आणि फूल कडेकडे लोंबतं. हा मोडका देठ इझनिकची खास लकब आहे. सगळी वळणं गोलाई घेत असताना एकच तीक्ष्ण कोन आला की रचना जागी होते. दोन मोडके देठ काढलेत तर झाड आजारी दिसेल.

देठ काढताना दोन गोष्टी सांभाळा. वळण कंपासनं काढल्यासारखं एकसारखं नसावं. सुरुवातीला सैल, टोकाकडे जास्त आवळलेलं असावं. ते एका दमात, कोपरापासून हात फिरवून काढा आणि गरज पडली तर कागद फिरवा. तुकड्यातुकड्यानं जोडलेली रेघ टाइलवर लगेच उघडी पडते. दुसरं, फाटा देठाला काटकोनात फुटू देऊ नका. फुटण्याच्या जागी तो काही अंतर देठाला चिकटूनच चालतो, मग हळूच वेगळा होतो. एखादा फाटा नजरेला खुपत असेल तर तो फुटायची जागा ५ मिलिमीटर खाली आणा, बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं.

मग कागद उलटा धरून फक्त मोकळ्या जागा बघा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते कुठल्याही मोकळ्या जागेत बसलं तर चालेल, पण दोन नाणी शेजारी शेजारी बसत असतील तर तिथे देठ किंवा पान कमी आहे. उलट दोन रेघांमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर भट्टीत रंग एकमेकांत मिसळेल. नाण्याची ही चाचणी फुलं काढल्यावर पुन्हा करा.

फुलं

ट्युलिप. आज फुलवाल्याकडे मिळणारा पेल्यासारखा गोल ट्युलिप इथे चालत नाही. ऑटोमन ट्युलिप सडपातळ, लांबी रुंदीच्या तिप्पट, टोकं सुईसारखी. आपल्या टाइलवर लांबी ५ सेंटिमीटर, रुंदी दीडपेक्षा थोडी जास्त. समोर तीन पाकळ्या दिसतात: मधली पूर्ण, बाजूच्या दोन तिच्यामागून निघून टोकाशी किंचित बाहेर झुकलेल्या. फुलाची मधली रेघ देठाच्या वळणाचाच पुढचा भाग असली पाहिजे. देठ डावीकडे वळत असताना फूल सरळ उभं राहिलं तर ते काडीला टोचल्यासारखं दिसतं.

कार्नेशन बाजूनं पाहिलेलं असतं: खाली नळीसारखा हिरवा बाह्यकोश, वर पंख्यासारख्या उघडलेल्या पाच ते सात पाकळ्या, कडा दातेरी. रुंदी साडेतीन सेंटिमीटर. दाते सगळे सारखे काढू नका. मधल्या पाकळीचे मोठे, कडेच्यांचे लहान.

हायासिंथ म्हणजे एका देठावर दोन्ही बाजूंनी लागलेल्या निळ्या घंटा. खालची घंटा १० मिलिमीटरची, वर जाताना लहान होत टोकाला ३ मिलिमीटरची कळी. एकूण ११ किंवा १३ पुरे. समोरासमोर जोड्या लावू नका. एक डावीकडे, पुढची थोडी वर उजवीकडे, असं चालत जा.

गुलाब सर्वांत अवघड. पाकळ्यांवर पाकळ्या काढत गेलं की कोबी होतो. मधे छोटा वर्तुळाकार गाभा घ्या, त्याभोवती पाच पाकळ्यांचं एक कडं आणि त्याबाहेर पाकळ्यांच्या सांध्यांवर येणारं दुसरं कडं. दोन कडी पुरतात. एकूण व्यास ४ सेंटिमीटर. गुलाबाच्या देठाला दोन कळ्या द्या आणि काटेही विसरू नका.

साझ पान शेवटी. १२ ते १३ सेंटिमीटर लांब, सर्वांत रुंद जागी २ सेंटिमीटर. ते झुबक्यातून निघून उजवीकडच्या ट्युलिपच्या देठावरून जाऊ द्या. वरून जाणं आणि खालून जाणं ठरवून टाका, कारण पान देठाला झाकत असेल तर देठाची रेघ तिथे पूर्ण थांबली पाहिजे. मधली शीर पानाच्या मधोमध नसते, ती बाहेरच्या वळणाच्या बाजूला सरकलेली असते आणि पानाला जी ओढ दिसते ती तिच्यामुळेच. कातरे फक्त बाहेरच्या कडेला काढा.

सगळं झाल्यावर निम्म्याच्या आसपास जागा पांढरी राहिली पाहिजे. इझनिकच्या रंगांची जी चमक डोळ्यात भरते तिचं श्रेय त्या पांढऱ्याला जास्त आहे.

छापा उतरवणं

चित्र ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि रेघांवर सुईनं दर दीडदोन मिलिमीटरला भोक पाडा. खाली जाड कापडाची घडी ठेवा. उलट्या बाजूचे उंचवटे बारीक सॅंडपेपरनं घासून काढा, नाहीतर भोकं बुजतात. टाइल ओल्या स्पंजनं पुसून पूर्ण सुकू द्या. कागद चिकटपट्टीनं धरून मलमलीच्या पुरचुंडीतली कोळशाची पूड हलकेच फिरवा. भरतकामाचा छापा अनेकांनी घरात केरोसीन आणि नीळ वापरून उतरवलेला पाहिला असेल. इथे तो मार्ग घेऊ नका. तेलकट जागी पाण्यातला रंग बसत नाही. कोळसा भट्टीत जळून जातो, म्हणून इझनिकचे कारागीरही तोच वापरत. टाइल फक्त कडेनं धरा. बोटांचा तेलकटपणा हाही तेलच.

काळी रेघ

काळा रंग पातळ दुधाइतका करा. बिस्क पाणी लगेच ओढून घेतं, म्हणून ब्रश पूर्ण भिजवून थेंब कडेला टिपा आणि न थांबता ओढा. जिथे ब्रश थांबेल तिथे ठिपका पडेल. रेघ देठाच्या मुळाशी एक मिलिमीटर, टोकाकडे अर्धा. पाकळीच्या टोकाशी दाब सोडत ब्रश उचला. पहिली वीसेक मिनिटं जास्तीच्या टाइलवर नुसत्या वळणांचा सराव करा. हात थरथरत असेल तर करंगळी टाइलवर टेका किंवा दोन पुस्तकांवर पट्टी आडवी ठेवून तिच्यावर मनगट ठेवा.

चुकलेली रेघ ओल्या कापडानं पुसू नका, राखाडी डाग पसरतो. ती सुकू द्या, मग ब्लेडच्या टोकानं खरवडून पूड फुंकण्याऐवजी ओल्या ब्रशनं टिपून घ्या.

रंग भरणं

रंग रेघेला टेकला पाहिजे, रेघेवर चढता कामा नये. निळ्यापासून सुरुवात करा. कोबाल्टची ताकद मोठी आहे. एकच पातळ हात पुरतो, जाड थर ग्लेझमध्ये विरघळून वाहतो आणि वरती काळपट डाग धरतो. त्याच रंगात तिप्पट पाणी घालून हायासिंथच्या घंटांची आतली बाजू फिकट ठेवा. फिरोजी आणि हिरव्याला दोन हात लागतात. मोठ्या पानात रंग घासू नका. भरलेल्या ब्रशनं थेंब सोडून तो ढकलत न्या म्हणजे पट्टे पडत नाहीत.

लाल रंगासाठी वेळ राखून ठेवा. मूळ इझनिक लाल म्हणजे लोहयुक्त माती, जिला अर्मेनियन बोल म्हणतात. लोह ग्लेझमध्ये विरघळलं की पिवळट तपकिरी होतं, म्हणून कारागीर ती माती इतक्या जाड थरात लावत की ग्लेझ आतपर्यंत पोचू नये. तो थर आजही बोटाला उंच लागतो. सतराव्या शतकात हेच तंत्र ढिलं झालं आणि लाल तपकिरी पडू लागला. तुम्ही तयार स्टेन वापरत असलात तरी तीन हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. दाटपणा घट्ट दह्याइतका ठेवा. कार्नेशनच्या पाकळ्या आणि ट्युलिपची मधली पाकळी लाल, बाकी थोडं थोडं. लाल सगळीकडे पसरला तर त्याचं मोल राहत नाही. पानं लाल करू नका.

ग्लेझ आणि भाजणी

वेळ असेल तर रंगवलेली टाइल आधी ७०० ते ७५० अंशांवर एकदा भाजून घ्या. रंगातला डिंक जळतो, रंग टाइलला धरतो आणि ग्लेझ लावताना पुसटत नाही. ही पायरी गाळायची असेल तर ग्लेझ ब्रशनं लावू नका, ओता किंवा बुडवा.

एक किलो ग्लेझच्या पुडीला साधारण ९०० मिली पाणी. पाण्यात पूड सोडा, उलट करू नका. दोन तास भिजवून ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. टाइल तिरपी धरून दोन ते तीन सेकंदांत बुडवून काढा. सुकल्यावर कडेला सुई टोचून पाहा. थर पाऊण मिलिमीटरच्या आसपास हवा. पाठ आणि खालची ३ मिलिमीटर कड स्पंजनं स्वच्छ पुसा, नाहीतर टाइल शेल्फला चिकटेल.

भट्टी ६०० अंशांपर्यंत ताशी १०० च्या वेगानं चढवा. ५७३ अंशांना मातीतल्या गारगोटीची म्हणजे क्वार्ट्‌झची रचना बदलते आणि तो अचानक फुगतो; सपाट टाइल इथेच तडकते. पुढे ताशी १५० नं १००० ते १०२० पर्यंत, आणि वर १५ ते २० मिनिटं थांबा. चढायला एकूण नऊ तासांच्या आसपास लागतात. उतरताना भट्टी बंदच ठेवा; १०० अंशांखाली गेल्याशिवाय झाकण उघडू नका.

काय बिघडतं आणि का

ग्लेझ आक्रसून कोरी माती दिसते: टाइलवर धूळ किंवा तेल होतं, रंगात डिंक जास्त होता, किंवा ग्लेझ जाड होतं. लाल भागावर हे सर्वाधिक घडतं, कारण तिथला थर जाड आणि कमी शोषणारा असतो. तिथे ग्लेझ लावण्याआधी ओला ब्रश हलकासा फिरवा.

निळा खाली वाहिला: रंग जाड, तापमान वर, किंवा वरचा मुक्काम लांबला. आधी रंग पातळ करा, मगच तापमानाला हात लावा.

सुईच्या टोकाएवढी भोकं: बिस्क कमी तापमानाला भाजलं होतं आणि वायू ग्लेझ वितळताना बाहेर पडला. बिस्क नेहमी ग्लेझच्या भाजणीपेक्षा वरच्या तापमानाला हवं.

ग्लेझमध्ये जाळीदार तडे: हा दोष कधी लगेच, कधी महिन्यांनी दिसतो. कारण मूळ रचनेत आहे. अल्कली (सोडा, पोटॅश यांसारखे क्षार) जास्त असलेलं ग्लेझ थंड होताना खूप आकसतं. इझनिकच्या टाइलचं अंग बहुतांश क्वार्ट्‌झचं असल्यामुळे तेही तेवढंच आकसायचं, म्हणून तिथे जोडी जुळली. साध्या मातीवर तेच ग्लेझ ताणलं जाऊन तडकतं. जुन्या फिरोजी रंगाच्या मोहानं लोक सोड्याचं प्रमाण वाढवत नेतात आणि इथे अडकतात. साध्या मातीच्या टाइलवर तयार ग्लेझ आणि फिरोजी स्टेनवरच समाधान माना.

अंग स्वतः घडवायचं असेल तर

इराणातल्या काशान इथल्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमनं १३०१ मध्ये अशा गारगोटीच्या अंगाचं प्रमाण लिहून ठेवलं आहे: १० भाग क्वार्ट्‌झ, १ भाग काचेची भुकटी, १ भाग बारीक पांढरी माती. इझनिकचं अंगही याच कुळातलं. भाजणी ९०० अंशांच्या आसपास. २० सेंटिमीटर चौरस, दीड सेंटिमीटर जाड टाइलला सुमारे १ किलो कोरडं मिश्रण लागतं. ते मातीसारखं लवचीक नसतं, चाकावर तर चढतच नाही. साच्यात दाबून भरावं लागतं आणि ओलं असताना कडा ढासळतात. दाबल्यावर वर त्याच मिश्रणाचा अतिशय बारीक, गाळलेला थर द्या. इझनिकचा दुधासारखा पांढरा पृष्ठभाग अशाच थराचा आहे. क्वार्ट्‌झची धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून मास्क लावूनच कालवा आणि जागा झाडू नका, ओल्या कापडानं पुसा.

भारतात याचा जिवंत नातेवाईक जयपूरची ब्लू पॉटरी: क्वार्ट्‌झची पूड, काच, थोडी मुलतानी माती आणि डिंक. साच्यात दाबण्याचं काम पाहायला इझनिकपर्यंत जायची गरज नाही. जुन्या इमारतींवरचं टाइलकाम पाहायचं तर दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महालाच्या भिंतींवर रंगीत टाइलांचे अवशेष आहेत, आणि शेजारच्या कर्नाटकात बिदरला महमूद गावानच्या १४७२ च्या मदरशावर बरंच शिल्लक आहे. ती इझनिकची कामं नव्हेत, इराणी परंपरेकडे झुकलेली आहेत. ती पाहताना रंग आणि देठ दोन्हींत फरक जाणवेल.

एकापेक्षा जास्त टाइल

चार किंवा सहा टाइलचं चित्र करायचं तर कागद एकच मोठा घ्या आणि देठ सांध्यावरून जाऊ द्या, फूल सांध्यावर येऊ देऊ नका. देठ सांधा तिरपा ओलांडत असेल तर बसवताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी खपतो. सांध्याला समांतर गेला तर तेवढीच चूक लगेच दिसते. टाइलांमध्ये दीड ते दोन मिलिमीटर फट कागदावरच सोडा, म्हणजे बसवल्यावर वळण तुटत नाही. सर्व टाइल एकाच भट्टीत, शक्यतो एकाच थरावर भाजा, कारण वरच्या आणि खालच्या शेल्फवर निळा सारखा उमटत नाही. पाठीमागे क्रमांक काळ्या अंडरग्लेझनंच घाला. पेन्सिलचा आकडा भट्टीत उडून जातो आणि मग सहा टाइल घेऊन जमिनीवर कोडं जुळवत बसावं लागतं.